वनिताचं मनगट

दवाखान्याच्या दारातून पेशंट आत आला, की तो खुर्चीत बसायच्या आधी मी त्याचे हात बघायची. काही जण हात झटकत झटकतच यायचे, ओल्या हातावरचं पाणी उडवावं तसे. त्यांनी तोंड उघडायच्या आत मला निम्मं कळलेलं असायचं. मी विचारायची, "झोपेतून उठूनही असंच झटकता का?" आणि समोरचा माणूस असा चमकायचा, जणू मी त्याच्या घराच्या खिडकीतून डोकावून आलेय. माझ्या कामातली जादू म्हणायची तर एवढीच. बाकी सगळी मेहनत.

अठ्ठावीस वर्षं मी फिजिओथेरपी केली. कर्जतला लागून दहिवलीत माझा दोन खोल्यांचा दवाखाना होता, आणि आठवड्यातले दोन दिवस मी मोहोपाड्याला कारखान्यातल्या कामगारांसाठी जायची. राहायला खोपोलीत. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'फिजिओथेरपी' लिहिलेलं होतं, पण तो शब्द कुणाच्या तोंडात बसलाच नाही. कुणी 'फिजोवाल्या' म्हणायचं, कुणी 'शेकवाल्या मॅडम'. एका म्हाताऱ्या बाबांनी तर दोन महिने व्यायाम करून जाताना मला सांगितलं, "बाय, मालिश कवा करनार ते काय शेवटपर्यंत कळलं नाय, पन गुडघा बरा झाला हो."

गेल्या वर्षी दवाखाना बंद केला. खाटा दिल्या, मशिनं दिली. मेण वितळवायचा डबा मात्र देववला नाही. सांधे आखडलेल्या बायकांचे हात त्या कोमट मेणात बुडवून ठेवायचे असत. त्या वासानं खोली भरून जायची आणि बायका गप्पांना लागायच्या. अजून झाकण उघडलं, की तो वास येतो आणि माणसं आठवायला लागतात. सगळ्यात जास्त आठवते ती कडावची वनिता. तिच्याबाबतीत मी काही चांगलं केलं, आणि एक मोठी चूकही केली. दोन्ही सांगते.

आधी मनगटाचं सांगायला हवं. मनगटात एक बोगदा असतो. कर्जतच्या माणसाला बोगदा समजावून सांगावा लागत नाही. घाट चढताना बोगदे मोजतच तो मोठा झालेला असतो. या बोगद्याच्या तळाशी हाडं, वर छतासारखा एक जाड पट्टा. आतून बोटं हलवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि एक नस. जागा मोजकीच. दोऱ्या सुजल्या, वजन वाढलं, साखरेचा आजार असला, की आत दाटी होते आणि तिच्यात ती नस चेंगरते. मग अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि चौथ्या बोटाची एक कड यांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. करंगळी मात्र सुटते, कारण तिची नस वेगळ्या वाटेनं जाते. झोपेत मनगट दुमडलं जातं, म्हणून त्रास तेव्हा जास्त. पेशंटला वाटतं लकवा आला, नाहीतर हृदयाचं काही निघालं.

उपायही साधे असतात. मनगट सरळ राहील अशी पट्टी बांधून झोपायचं, हाताच्या कामाची पद्धत बदलायची, थोडे व्यायाम करायचे. त्यानं भागलं नाही तर डॉक्टर इंजेक्शन देतात, किंवा छोटीशी शस्त्रक्रिया करून बोगद्याचं छत मोकळं करतात.

पट्टी मी स्वतः बनवायची. खास प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकला, की लाटलेल्या पापडासारखा लवचीक होतो. तो पेशंटच्या हातावर ठेवून दाबायचा आणि थंड होईपर्यंत धरून बसायचं. त्या तीन-चार मिनिटांत दोघांनाही दुसरं काही करता येत नसे. माणसं तेव्हा बोलायची, कधीकधी तर ज्या गोष्टी घरी बोलता येत नसत त्या. मोहोपाड्याचे सदाभाऊ, कारखान्यातले निवृत्त फिटर, हे एकच असे निघाले की त्यांनी मला पट्टी करूच दिली नाही. पुढच्या खेपेला पाण्याच्या पाइपाचा तुकडा उभा चिरून, तापवून, मनगटाच्या आकाराचा करून स्वतःच घेऊन आले. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, पट्ट्यासाठी चिरा पाडलेल्या. मी ती उलटून पालटून बघितली, चूक काढायचा प्रयत्न केला आणि म्हटलं, "सदाभाऊ, माझं दुकान बंद करणार तुम्ही." ते म्हणाले, "नाय मॅडम. मनगट कुठल्या कोनात ठेवायचं ते तुम्ही सांगितलंत. पत्रा वाकवायला काय, कोणीपण वाकवेल."

वनिता पहिल्यांदा आली ती सासूबरोबर, हिराबाईंबरोबर. वय चाळिशीच्या पुढे, वजन एकशे बारा किलो, साखरेच्या गोळ्या चालू. दोन जिने चढून धाप लागलेली. घरच्या सहा म्हशी, आणि त्यांची दोन वेळची धार ती एकटी हातानं काढायची. नवरा भास्कर रसायनीला कारखान्यात पाळीवर. भातशेती होती, पण घर चालायचं ते दुधावर, आणि दूध वनिताच्या हातावर.

"काय होतं?" मी विचारलं.

"धार काढताना दूध बादलीत पडतंय का भाईर, ते मला बघून कळतं," ती म्हणाली. "हाताला कळत नाय."

इतकी वर्षं मी बधिरपणाची वर्णनं ऐकली, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला उलटा नमस्कार करायला लावला, म्हणजे दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून बोटं खाली सोडायची. मिनिटभर धरायचं असतं. तिला वीस सेकंदही धरवलं नाही. दोन्ही मनगटांत तोच आजार, उजव्यात जास्त.

मी पट्ट्या केल्या, व्यायाम शिकवले. थोडा फरक पडला, पण थोडाच. वर्षभर ती अधूनमधून येत राहिली. मग तिच्या साखरेच्या डॉक्टरांनी तिला नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात पाठवलं आणि तिथल्या सर्जननी वजन कमी करायची शस्त्रक्रिया सुचवली. जठराची एक लहानशी पिशवी वेगळी करायची आणि तिला आतडं खालून आणून जोडायचं. खाणं थोडकंच जातं, आणि जातं त्यातलंही सगळं अंगी लागत नाही.

सासू-सुना दोघी सल्ला विचारायला माझ्याकडे आल्या. हिराबाईंचा साफ विरोध. "बाय, खाऊनपिऊन सुखी हाय ती. पोट कापून का कुनी बारीक होतं?"

"आई, खाऊनपिऊन सुखी असते तर हितं आले असते का?" वनिता शांतपणे म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, पोटाचं नि साखरेचं डॉक्टर बघतील. तुमी हाताचं सांगा. हात सुटंल का?"

वजन उतरलं की अशा बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो, हे खरं आहे. पण 'बऱ्याच जणांचा' आणि 'कमी होतो' एवढंच खरं आहे. मी म्हणाले, "सुटेल. वजन उतरलं की हात आपोआप सुटेल." तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मला बरं वाटलं. लोकांना बरं वाटेल असं बोलायची मला सवय होती, आणि ती सवय चांगली आहे असंच मी समजत होते.

शस्त्रक्रिया नीट झाली. त्यानंतर वनिता आठ-नऊ महिने माझ्याकडे फिरकली नाही. मला वाटलं, हात सुटला असेल. बरा झालेला पेशंट परत येत नाही, हे आमच्या कामातलं सुखच असतं.

मग एका दुपारी एक बाई जिना चढून आली आणि दारात उभी राहून हसली.

"वळखलं नाय ना?"

खरंच नाही ओळखलं. चाळीस किलो उतरले होते. गालाची हाडं दिसत होती, ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. "गावात म्हनतात, बाई सुकली, आतून काय तरी रोग हाय," ती म्हणाली. "पन हे बघा." आणि माझ्या खोलीच्या मधोमध ती उकिडवी बसली आणि कशालाही न धरता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मी टाळ्या वाजवल्या.

मग ती खुर्चीत बसली आणि तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "तुमी सांगितलं व्हतं, वजन उतरलं की हात सुटंल. वजन उतरलं. हात नाय सुटला."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. शस्त्रक्रियेनंतर ती तिसऱ्या महिन्यातच पुन्हा धारेला बसली होती. सुरुवातीला हात खरंच हलका झाला, मग पुन्हा दुखायला लागला, आधीपेक्षाही जास्त. माझ्याकडे यायला ती संकोचत होती. आपणच काही चुकलो, पथ्य मोडलं, असं तिला वाटत होतं.

तिनं पिशवीतून जुनी पट्टी काढली. ती तिनं इमानदारीनं रोज बांधली होती. मी ती तिच्या हातावर चढवली आणि मला शोध लागल्यासारखं झालं. मनगट बारीक झालं होतं, पट्टी तीच होती! ती हातावर गोल फिरत होती, आणि तिचा फुगवटा, जो तळहाताच्या खळग्यात बसायला हवा, तो नेमका नसेवर येऊन दाबत होता. जिनं बरं करायचं तीच त्रास देत होती. मी तिथल्या तिथे पाणी तापवलं, नवीन पट्ट्या केल्या. मी खूष होते. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं ते मी पकडलं होतं, आणि त्या खुषीत मी बाकी काही बघितलं नाही.

बाकीचं म्हणजे काय, ते सांगते. बोटांना टाचणी लावून बघताना ती म्हणाली, "करंगळीला पन जरा मुंग्या येतात हल्ली." मी म्हटलं, कामानं येत असतील. पट्टी थंड होत होती तेव्हा ती म्हणाली, "लई दुखलं की भागवते कसंतरी." मी विचारलं नाही, कशानं भागवतेस. आणि जाताना ती चार पायऱ्या उतरून गेली तेव्हा तिची एक चप्पल वरच्याच पायरीवर राहिलेली मी पाहिली. पायातून निसटलेली तिला कळलीच नव्हती. मी वरून हाक मारली. ती परत आली, चप्पल घातली, आणि आम्ही दोघी हसलो. मी हसले! इतकी वर्षं माणसांची चाल बघणारी मी.

दहा-बारा दिवसांनी दवाखाना उघडत होते, तेव्हा हिराबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. कडावहून टमटमनं एकट्याच आल्या होत्या. आत आल्या, खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. पदराच्या गाठीतून त्यांनी गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून माझ्या टेबलावर ठेवली. सात-आठ होती.

"ह्या गोळ्या तुमी दिल्यात का?"

मी नाव वाचलं. अंगदुखीवरच्या गोळ्या होत्या. चांगल्या पोटालाही त्या झोंबतात. पोटाची ही शस्त्रक्रिया झालेल्या माणसानं तर त्या घ्यायच्याच नसतात, कारण जिथे पिशवी आणि आतडं जोडलेलं असतं तिथे जखम होते.

"नाही मावशी, मी नाही दिल्या. काय झालं?"

झालं होतं ते असं. वनिता सकाळच्या धारेला बसली असताना गोठ्यात चक्कर येऊन पडली. तीन दिवस तिला काळी शी होत होती. उष्णता झाली असेल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. भास्करनं तिला नवी मुंबईला नेलं. आत जखम होऊन रक्त जात होतं. रक्त चढवावं लागलं. गोळ्या मुळात भास्करच्या पाठदुखीसाठी कधीतरी लिहून दिलेल्या. उरलेल्या तिनं खाल्ल्या, बरं वाटलं, मग दुकानात पाकीट दाखवून तशाच आणत राहिली. रोज दोन, कधी तीन.

"मग तिला इचारलं का तुमी, काय खातेस म्हनून?" हिराबाईंनी विचारलं.

मी एक पाकीट उचलून पुन्हा नाव वाचायला लागले.

"मी अडानी हाय. मना नाय कळत. तुमाला कळतं ना?"

एवढं बोलून त्यांनी पाकिटं पुन्हा पदरात बांधली आणि जिना उतरून गेल्या. त्या दिवशी मी पेशंट बघितले, पण कोण आले नि कोण गेले ते आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेले. सर्जन तरुण होते, शांत होते. वनिताचा धोका टळला होता, जखम औषधांनी भरून येणार होती. त्यांनी मला तिची फाइल दाखवली. कुठल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे एका पानावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. तिला ते समजावूनही सांगितलं होतं, पण शस्त्रक्रियेच्या धांदलीत पन्नास गोष्टी सांगितल्या जातात, त्यात दोन लक्षात राहतात. तिला दिलेली प्रत घरच्या कपाटात साड्यांखाली होती. जन्मभर घ्यायच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्याही तिनं चार महिन्यांनी बंद केल्या होत्या. तिला वाटलं, ताकदीच्या गोळ्या आहेत, ताकद आली की संपलं.

मी त्यांना करंगळीचं सांगितलं, आणि चपलेचं. त्यांनी फाइल पुन्हा उघडून रक्ताचे आकडे बघितले. "म्हणजे नुसतं मनगट नाही हे. पायांच्या नसाही गेल्यात. गोळ्या बंद केल्यानं तिचं बी ट्वेल्व्ह जीवनसत्त्व फार खाली आलंय." मग म्हणाले, "हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

त्यांचा सूर दोष देण्याचा नव्हता. पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

वनिता खाटेवर पडून होती, ओठ पांढरे. मी तिच्या उशाशी बसले आणि म्हटलं, "माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

"मी तरी कुठं सांगितलं?" ती म्हणाली. "तुमी म्हनला असता, काम बंद कर. मग म्हशी कुनी बघायच्या? आमच्या म्हशी दुसऱ्या कुनाला हात लावू देत नाय." मग म्हणाली, "मॅडम, तुमी कधी बघितलंय का, मी धार काढते ती?"

नव्हतं बघितलं. कडाव दहिवलीपासून असं कितीसं लांब! आणि दोन वर्षं मी त्या हातावर उपचार करत होते.

ती घरी आल्यावर एका दुपारी मी चार वाजता कडावला गेले. भाताची कापणी होऊन गेली होती, बांधावर वाल टोकणं चाललं होतं. गोठा स्वच्छ, शेणानं सारवलेला. वनिताला अजून धारेची मनाई होती, शेजारणी येऊन कशीबशी निम्मी धार काढून जात होत्या, पण एका म्हशीवर मला दाखवायला ती बसली. मी तिच्या शेजारी उकिडवी बसून बघत होते. अंगठा आत दुमडून, त्याच्या पेराखाली सड दाबून ती धार काढत होती आणि प्रत्येक धारेला मनगट आत वळत होतं. एका वेळी शंभर वेळा, दोनशे वेळा. मग भरलेला दुधाचा कॅन उचलायचा, त्याची कडी तारेसारखी बारीक, ती बोटांच्या मुळाशी रुतणारी. मी तिला दिलेल्या व्यायामाच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

"अंगठा बाहेर ठेवून, सगळ्या मुठीनं काढता येतं का?" मी विचारलं.

हिराबाई दारात उभ्या होत्या. आता पुढे आल्या. "येतं की. आमी मुठीनंच काढायचो. हिला घाई, म्हनून ही अंगठा घालते." त्यांनी सुनेला हातानं बाजूला सरकवलं, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि बसल्या. सत्तरीच्या हातांनी मुठीनं लांब, सावकाश धार काढायला लागल्या. मनगट काठीसारखं सरळ. वनिता तोंडात बोट घालून बघत राहिली. "आई, तुमी तर म्हनला व्हता तुमाला आता जमत नाय!"

"तू इचारलंस कवा?" हिराबाई म्हणाल्या.

मीही करून बघायचं ठरवलं. म्हशीनं मागचा पाय असा झाडला की बादली, मी आणि माझा चष्मा तीन दिशांना गेलो. त्या दिवशी हिराबाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

मग आम्ही एकेक करत घडी बसवली. दोन म्हशी हिराबाईंनी घेतल्या. भास्कर पाळीवरून आला की एकीची धार काढायला शिकला. म्हैस जवळ येऊ देईना, तेव्हा वनिताची जुनी साडी खांद्यावर टाकून बसायचा. गावात सगळ्यांनी हसून घेतलं, पण म्हैस पान्हवली. दोन म्हशी त्यांनी नात्यात देऊन टाकल्या. एक वनिताला राहिली, मुठीनं काढायच्या अटीवर. सदाभाऊंना मी कॅनची कडी दाखवली. त्यांनी ती बोटांनी मोजून घेतली. पुढच्या आठवड्यात जाड रबरी मूठ बसवलेली कडी घेऊन आले आणि म्हणाले, "बाईला सांगा, मूठ फिरायला लागली तर निरोप पाठव."

दुखण्यासाठी सर्जननी सांगितलेली साधी तापाची गोळी, तीही मोजून. बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं, मग कायमच्या गोळ्या. दर महिन्याला मनगटाचं माप घ्यायचं, पट्टी सैल झाली की नवीन करायची. मी सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून दिलं. तो भास्करनं फ्रिजच्या दारावर चिकटवला.

सहा-सात महिन्यांत डावा हात मोकळा झाला. पायांना हळूहळू जमीन कळायला लागली. एकदा गोठ्यात काटा टोचला तर वनितानं मला फोन केला. "मॅडम, काटा टोचला! कळला मला!" इतक्या आनंदानं कुणी काट्याची बातमी दिलेली मी ऐकली नाही.

उजवा हात मात्र मागे राहिला. शेवटी बोगदा मोकळा करायची छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. मुंग्या गेल्या, झोप लागायला लागली. पण अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो सपाट झाला होता, आणि तो परत भरला नाही. नस फार दिवस चेंगरून राहिली होती. वनिताला आज गजरा ओवता येत नाही, ब्लाउजचा हूक लावायला वेळ लागतो. ते काही महिने आधी पकडलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. हे 'कदाचित' मी सोबत घेऊनच दवाखाना बंद केला.

त्यानंतर मी एक नियम केला. गुडघा असो, पाठ असो, मान असो, पहिल्या दिवशी पेशंटनं घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या आणि माझ्या टेबलावर ओतायच्या. लोक कुरकुरायचे. "शेक घ्यायला गोळ्या कशाला दाखवायच्या?" मी म्हणायची, "दाखवा तरी."

दवाखाना बंद होण्याच्या आधीच्या महिन्यात वनिता एका तरुण बाईला घेऊन आली. तिच्या माहेरच्या नात्यातली, खालापूरकडची. तिचीही वजनाची शस्त्रक्रिया झालेली, आणि तिचेही हात दुखायला लागलेले. बाई घाबरलेली होती. दोन्ही हात मांडीवर धरून बसली होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मी तपासलं. आजार सुरुवातीचा होता. नवी पट्टी, कामातले बदल आणि रक्ताची तपासणी, एवढ्यानं भागेल असं वाटत होतं. पण 'सुटेल' हा शब्द मी उच्चारला नाही. म्हटलं, "बहुतेकांना फरक पडतो. तुला किती पडतो ते आपण दर महिन्याला बघू."

तिचं समाधान झालं नाही. ती वनिताकडे वळली. "ताई, तुमचा हात पूर्ण बरा झाला?"

मी पाणी तापवायला ठेवत होते. माझा हात तिथेच थांबला.

वनितानं उजवा तळहात उघडून तिच्यासमोर धरला आणि डाव्या बोटानं अंगठ्याखालची ती सपाट जागा दाखवली.

"एवढा नाय झाला," ती म्हणाली. "बाकीचा झाला. मला सांगायला उशीर झाला, मॅडमना इचारायला उशीर झाला. तू येळेत आलीस. चल, हात पुढं कर."

त्या मुलीनं हात पुढे केला. मी पाण्यातून मऊ झालेला पत्रा काढला, तिच्या मनगटावर ठेवला आणि धरून बसले.